फिल्मच्या कडेचा हात

त्या दवाखान्यात शिशाचे हातमोजे होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत ऐकल्यावर लोक हमखास म्हणतात, "अहो, त्या काळात कुठे असायच्या अशा सोयी?" होत्या. ते मोजे एक्सरेच्या मशीनबरोबरच आले होते. पावडर लावून, कागदात गुंडाळून लाकडी कपाटात कुलूपबंद ठेवले होते, खराब होऊ नयेत म्हणून. माझ्या बहिणीचा हात खराब झालेला मात्र चालत होता.

थोरल्या बहिणीला आम्ही 'बाई' म्हणायचो. आमचं खेडं बोरी अरबच्या पलीकडे. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि बाई विधवा होऊन माहेरी परत आलेली होती. बापाने मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावाने मग आम्हाला कापूस वेचायलाही बोलावणं बंद केलं. एक दिवस बाई मायला म्हणाली, "मी यवतमाळले चालली. तिथं मले कोनी ढोर ओढ म्हननार नाही. आन हिले घेऊन चालली, हिले शिकवतो." छोट्या रेल्वेगाडीत बसून आम्ही दोघी यवतमाळला आलो. लोहारा गावाच्या वाटेवर एका मिस्त्रीच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली.

बाईला एका ट्रस्टच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. पांढरं लुगडं, निळे काठ. पहिल्या दिवशी ते नेसून ती मिस्त्रीच्या अंगणात उभी राहिली आणि मला म्हणाली, "पाह्य, कशी दिसतो?" ती राणीसारखी दिसत होती. आमच्या घरात तोवर कुणी असं स्वच्छ कापड अंगावर घालून कामाला गेलं नव्हतं.

आधी ती लहान मुलांच्या वॉर्डात होती. रडणारी मुलं तिच्या हातात शांत होतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला एक्सरेच्या खोलीत घेतलं. हे डॉक्टर मोठ्या शहरातून आलेले, मृदू बोलणारे. यवतमाळात त्यांना लोक देवमाणूस म्हणत. असतील. मला त्या देवाशी काही कर्तव्य नाही.

मशीन जुनं होतं. त्याचे किरण अशक्त, म्हणून एक फोटो घ्यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात मूल हललं की फोटोही हलायचा. म्हणून मुलाला कुणीतरी घट्ट धरून ठेवायला हवं. आई रडते, गोंधळ करते, म्हणून तिला बाहेर काढायचे. सिस्टरने धरायचं नाही. का, ते बाईनेच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"डॉक्टर सिस्टरले म्हनते, तुमचं लगन व्हायचं हाय, लेकरं व्हायचे हाय, तुम्ही बाहेर थांबा. आन मंग मले हाक मारते."

ती हसली होती, मीही हसले होते. आज ते वाक्य आठवलं की माझे दात एकमेकांवर घासतात. याचा अर्थ त्यांना सगळं माहीत होतं. सिस्टरला पुढे मुलं व्हायची होती, आणि बाई विधवा, तीही आमच्या जातीची. जात सोडून आम्हाला काही वर्षं झाली होती, पण ती खोलीच्या दारात आमची वाट पाहत उभीच होती.

बाई मुलाचे दोन्ही दंड वर धरायची, नाहीतर खांदे दाबून धरायची. डॉक्टर शिशाचा पत्रा ठोकलेल्या लाकडी पडद्यामागे जायचे. "श्वास रोख," म्हणायचे. खोलीतला दिवा मंद व्हायचा, मशीन गुणगुणायचं, खट्ट आवाज यायचा. कधी बाहेरची वीजच कमी दाबाने यायची, मग फोटो फिकट निघायचा आणि पुन्हा तेच. पुन्हा बाईचे हात, पुन्हा पडदा.

काही वर्षांनी तिच्या नखांवर उभ्या रेघा दिसू लागल्या. बोटांची कातडी कोरडी आणि चकचकीत झाली, जशी ताणून बसवलेली. ती म्हणायची, फिनेलनं होतं. रोज झोपताना खोबरेल तेल चोळायची. मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, पेराजवळ, एक चीर पडली. ती भरेना. पावसाळा गेला, हिवाळा गेला, चीर तशीच.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही मोजक्या मुली, त्यात आमच्या समाजाची मी एकटी. पदार्थविज्ञानाच्या सरांनी एके दिवशी क्ष-किरण शिकवायला घेतले. सर चांगलं शिकवायचे, ते मी नाकारत नाही. काचेची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला तापलेली तार, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. दुसऱ्या टोकाला टंगस्टनचा तुकडा. मधे हजारो व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन भयंकर वेगाने त्या टंगस्टनवर आपटतात आणि एकदम थांबतात. त्या थांबण्यातून किरण निघतात. बहुतेक शक्ती उष्णता होऊन वाया जाते, शंभरातला जेमतेम एक भाग किरण बनतो, पण तेवढा माणसाच्या आरपार जायला पुरतो. मांसातून ते सहज जातात, हाडात अडतात, शिसं त्यांना जवळजवळ पूर्ण थांबवतं. जिथे किरण पोचतात तिथे फिल्म काळी होते, जिथे अडतात तिथे पांढरी राहते.

मग सरांनी सांगितलं की शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला होता, अंगठीसकट, आणि तो हात जगभरच्या पुस्तकांत छापला गेला. वर्गात कुणीतरी "वा!" म्हणालं.

"आता खरे फोटो बघा," सर म्हणाले. त्यांच्याकडे दवाखान्यातून आणलेल्या टाकाऊ फिल्मचा गठ्ठा होता. एक फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. लहान मुलाची छाती. चिमण्या बरगड्या, मधे हृदयाची सावली. मूल हललं होतं, म्हणून बरगड्यांना दुहेरी कडा आल्या होत्या. आणि कडेला, मुलाच्या खांद्यावर, मोठ्या माणसाच्या हाताची हाडं.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, भूत!" वर्ग हसला. सरही हसले.

"असेल कुणा आयाचा हात. तिकडे लक्ष देऊ नका. बरगड्या बघा."

मी बरगड्या पाहिल्या नाहीत. त्या हाताची करंगळी वाकडी होती. मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला कलंडलेली. लहानपणी बाईच्या करंगळीवर बैलगाडीचं जू पडलं होतं. गावातल्या एका म्हाताऱ्याने कामट्या बांधून ती बसवली आणि ती वाकडीच बसली. त्या बोटाला धरून मी चालायला शिकले. मला ते कशातही ओळखू आलं असतं, हाडातसुद्धा.

तास संपल्यावर सर कुणाशी तरी बोलत बाहेर उभे होते. मी गठ्ठा उलगडला आणि एकेक फिल्म खिडकीला लावली. लहान मुलांच्या जवळजवळ सगळ्या फिल्मवर तो हात होता. कुठे चारच बोटं, कुठे पंजा मनगटापर्यंत, कुठे दोन्ही हात. या सगळ्या बिघडलेल्या, फेकायच्या फिल्म. म्हणजे प्रत्येकीमागे एक चांगली निघालेली फिल्म होती, आणि तिच्यावरही हाच हात असणार. मी त्या सगळ्या मोजल्या.

सर आत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, हा माझ्या बहिणीचा हात आहे. त्यांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं की हे किरण अंगात साचून राहत नाहीत, पण त्यांनी केलेली मोडतोड साचत जाते. ज्या आईने एकदा मूल धरलं तिचं फारसं बिघडत नाही. रोज धरणाऱ्याचं बिघडतं. मशीनच्या तोंडाला धातूचा शंकू लावला असता तर किरण छातीपुरतेच राहिले असते, हात फिल्मवर आलाच नसता.

"मग तुम्ही डॉक्टरांना सांगा ना सर."

त्यांनी हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, "ते आपल्या कॉलेजला फिल्म देतात, विद्यार्थ्यांना फुकट तपासतात. मी कसं बोलू?"

मी त्या फिल्म पिशवीत भरल्या आणि निघाले. त्यांना विचारलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

घरी बाई चुलीपुढे बसली होती. दारातल्या उजेडात मी फिल्म धरली. "बाई, हा हात कोनाचा?"

तिने डोळे बारीक केले. मग आपली करंगळी फिल्मजवळ नेली आणि एकदम खुलली. "अव, हा तं माहा हात! किती फोटो हाय हे?" एकेक फिल्म बघत म्हणाली, "जन्मात माहा एक फोटो नाही काढला कोनी. आन थ्याईनं एवढे काढले?"

मला रडू आलं तेव्हा ती घाबरली. मी तिला सगळं सांगितलं, जसं जमेल तसं. किरण दिसत नाहीत, चटका देत नाहीत, लागताना कळत नाहीत. पण तिच्या बोटाची चीर फिनेलची नाही, त्यांची आहे. ती ऐकत राहिली. चुलीवर वरण उतू गेलं, तिने उतरवलं नाही. मग म्हणाली, "म्हनून थो पडद्यामागं जाते काय व?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या टेबलामागे फिल्म बघायची दिव्याची पेटी होती. मी न विचारता तिच्यावर फिल्म लावल्या, एकावर एक खोचून.

"हे काय चाललंय?" डॉक्टर म्हणाले. आवाज अजून मृदूच.

"हा हात बघा."

"आहे हात. मग?"

"माझ्या बहिणीचा आहे. तिचं बोट सडत चाललंय."

"या बायका दिवसभर सोड्यात हात घालतात. कातडी खराब होणारच."

"तुम्ही शिशाचा एप्रन घालता. पडद्यामागे उभे राहता. ते कशासाठी?"

ते हसले, समजूत घालावी तसे. "मला रोज इथे काम करावं लागतं, मुली."

"आणि तिला?"

त्यांनी पेटीचा दिवा बंद केला. पुढे बरीच वर्षं मला वाटायचं की कधी ना कधी त्यांना या प्रश्नाचं उत्तर सुचलं असेल, निदान रात्री पडल्या पडल्या तरी. सुचलं नसावं. त्या दिवशी त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि त्याच्याकरवी मला बाहेर काढलं.

आठवडाभरात बाईची बदली झाली. धुण्याच्या खोलीत. गरम पाणी, सोडा, रक्ताच्या चादरी, आणि तिच्या बोटाला उघडी जखम. डॉक्टरांनी तिची सोय केली, असं सगळे म्हणाले. मला त्या शब्दाची अजून किळस येते.

एक्सरेच्या खोलीत दुसरी आया घेतली. कळंबकडची, नुकतं लग्न झालेली मुलगी. ती चादरी टाकायला धुण्याच्या खोलीत यायची. एका सकाळी तिथेच मोरीवर तिला उलटी झाली. बाईने तिची पाठ चोळली, आणि विचारलं, "कितवा महिना व?" मुलगी लाजली.

तो प्रसंग मी स्वतः पाहिला नाही, पण इतक्या बायकांच्या तोंडून ऐकला की पाहिल्यासारखाच आहे. बाई ओल्या लुगड्यानिशी धुण्याच्या खोलीतून निघाली. व्हरांड्यात आपापली मुलं मांडीवर घेऊन बायका बसल्या होत्या, रांग लागलेली. बाई एक्सरेच्या दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"हिले धरू देनार नाही मी लेकरं. पोटुशी हाय हे."

"बाजूला हो बाई," डॉक्टर म्हणाले. आम्ही जिला मायेने बाई म्हणायचो तिला तेही बाईच म्हणायचे, पण ते हाकलल्यासारखं.

"नाही होत. कपाटातले मोजे काढा."

"तुला कुणी सांगितलं मोज्यांचं?"

"मीच पुसत होती ना थे कपाट आतून, इतके वरीस."

मग ती व्हरांड्याकडे वळली आणि आपलं बोट उंच केलं. पट्टी सोडलेली होती. "हे पाहा माय हो. एक डाव धरलं तं कोनाले काही होत नाही. रोजच्या रोज धरलं तं असं होते. आपापलं लेकरू आपन धरा. आन मोजे मांगा याईले."

बायका उठून उभ्या राहिल्या. एक बुरखेवाली आई मूल कडेवर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "मेरा बच्चा मैं पकडूंगी. दस्ताने दो." तिच्यामागून दुसऱ्या आल्या. एवढ्या लोकांसमोर डॉक्टरांना कपाट उघडावं लागलं. कागद सोडला तर काय, शिसं भरलेल्या रबराचे ते जाड मोजे वर्षानुवर्षं घडी घालून पडलेले, घडीवरच चिरले होते. जपून ठेवून ठेवून त्यांनी ते वाया घालवले होते.

त्या दिवशी एक्सरे बंद राहिला. पुढे ट्रस्टने नवे मोजे मागवले, वाळूच्या पिशव्या आणि कापडी पट्टे आणले, मशीनला शंकू बसला, आणि नातेवाइकाने मूल धरावं असं ठरलं. सुधारणेचं श्रेय डॉक्टरांना मिळालं. बाईला उद्धट वर्तनासाठी कामावरून काढलं.

बोट मात्र थांबलं नाही. चिरेच्या कडा वर आल्या, जखम कोबीसारखी फुगली, काखेत गाठ आली. मी तिला एस.टी.ने नागपूरला नेलं. तिथल्या सर्जनने काखेतली गाठ काढली, पहिलं बोट मुळापासून काढलं आणि मधलं अर्धं. हे एक्सरेमुळे झालं असं तुम्ही म्हणाल का, असं मी त्यांना विचारलं. ते हात धूत होते. "असं एकच कारण सांगता येत नाही," म्हणाले. "तंबाखू खाते का ती?"

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीशी बसली होती, पांढऱ्या बोळ्यासारखा हात मांडीवर. वर्धा मागे पडली. कळंबला गाडी थांबली, चिंतामणीच्या दर्शनाची गर्दी आत घुसली, कुणाचा तरी धक्का तिच्या हाताला लागला, आणि बाईने शिवी दिली. धक्का देणाऱ्याला नव्हे. डॉक्टरांना. नाव घेऊन, आईबापासकट, भरल्या गाडीत, मोठ्याने. मी तिच्या तोंडून कधी शिवी ऐकली नव्हती. एक सुटली आणि मागोमाग सगळ्या सुटल्या, गावात आम्हाला ज्या ज्या मिळाल्या होत्या त्या सगळ्या. कंडक्टर मागे वळला. मी म्हटलं, "बोलू द्या तिला." आणि तो मुकाट्याने तिकिटं फाडू लागला.

टाके निघाल्यावर ती दवाखान्यात गेली. सोबत मीही गेले. तिने डॉक्टरांच्या टेबलावर हात ठेवला, कागदांच्या मधोमध.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "फार दुःख झालं," म्हणाले.

"दुःख माहं हाय साहेब," बाई म्हणाली. "मले काम पाह्यजे."

"अशा हाताने?"

"अशाच हातानं. हे तुमच्याच खोलीत गेले बोटं."

त्यांनी नाही म्हटलं. पण दुसऱ्या सकाळी दवाखान्यातल्या आया आणि झाडूवाल्या आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. कळंबकडची ती मुलगी सगळ्यांच्या पुढे, पोट सांभाळत. बेडपॅन कुणी उचलेना, पोछा कुणी मारेना. दुपारपर्यंत वास व्हरांड्यात आला आणि ट्रस्टचे अध्यक्ष मोटारीतून उतरले. बाईला मुलांच्या वॉर्डात परत घेतलं. उपकार केल्यासारखं बोलून घेतलं, पण घेतलं.

मी पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागले. क्ष-किरणांचा धडा आला की मी शास्त्रज्ञाच्या बायकोचा हात दाखवते, आणि मग सांगते की त्या काळापासून पुष्कळ हात या किरणांत गेले, त्यांची चित्रं पुस्तकात नाहीत. शाळा तपासायला आलेल्या एका इन्स्पेक्टरने त्यावर मला विचारलं, "अभ्यासक्रमात हे कुठे आहे?" त्यांना मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

काही वर्षांनी डॉक्टर मोठ्या शहरात परत जायला निघाले. निरोप समारंभ दवाखान्याच्या पटांगणात होता. बँडचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येत होता. बाई भाकर थापत होती. उरलेल्या बोटांनी तिला कड गोल करता यायची नाही, एक बाजू नेहमी जाड राहायची.

"कायचा बाजा हाय थो?"

"डॉक्टर चालले."

तिने भाकर तव्यावर आपटली. पीठ उडालं. "सगळे गेले असतीन हार घेऊन."

"गेले असतील."

"कळंबवाली गेली काय?"

"नाही. तिच्या पोराला ताप आहे, ती घरी आहे."

"बरं झालं, नाही गेली," बाई म्हणाली, आणि भाकर उलटवली.